सहा बेचाळीसचा होकार

सकाळी सहा ते सात मी बोलत नाही. अकरा वर्षं झाली. आजारपणात पाळलं, प्रवासात पाळलं, भिंगरी झाली त्या दिवशीसुद्धा पाळलं, कारण कळा नवाला सुरू झाल्या. सासूबाई म्हणतात, "पोरगी शहाणी. पोटातूनच घड्याळ बघत होती."

त्या तासात मी खिडकीजवळच्या कोपऱ्यात देवासमोर बसते. फोन स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांच्या शेजारी ठेवलेला असतो. बोलायचं नाही हे पहिलं व्रत. दिवसभर आवाज चढवायचा नाही हे दुसरं. कुणाचं वाईट चिंतायचं नाही हे तिसरं. तिन्ही शाबूत आहेत असं मी मार्च महिन्यापर्यंत सांगू शकले असते. तिसऱ्याचं आता काय झालंय, ते देवाला ठाऊक आहे. त्याच्यापासून लपवून काही उपयोग नाही.

भिंगरी सात वर्षांची आहे. तिला अक्रोड चालत नाही. आवडत नाही अशातली गोष्ट नाही. अक्रोडाचा कण पोटात गेला तर तिचा गळा आतून सुजतो आणि श्वास अडतो. ती तीन वर्षांची असताना हे आम्हाला कळलं, आणि कसं कळलं ते मी लिहिणार नाही. तेव्हापासून मी कुठल्याही पुड्याची मागची बाजू आधी वाचते, पुढची नंतर. मधल्या सुट्टीच्या डब्यात तिला ओटची बिस्किटं लागतात. हिरवा पुडा, आणि त्यातला तोच एक प्रकार, ज्यात अक्रोड नाही. चार वर्षं तोच.

कोपऱ्यावरचा दुकानदार तो पुडा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. संपला असेल तर मला रस्त्यातच बघून हात हलवायचा. "ताई, आज नाही. आणि त्याच्यासारखा दुसरा मागू नका, मी देणार नाही." उद्धट माणूस. मला त्याचा राग यायचा.

त्याचं दुकान सातला बंद होतं. मी सहाला सुटायची, तोवर सगळं जमत होतं. मी कानाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासते. एक दिवस डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बोलावून विचारलं, "आठपर्यंत थांबायला कुणाची हरकत आहे?" दोघीजणी बोलल्या. मी गप्प राहिले. वाटलं, इतक्या लोकांत आपलं रडगाणं कशाला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "छान. म्हणजे तुम्ही थांबताय."

असं मी थांबायला लागले, आणि असं ते अॅप आमच्या घरात आलं.

"अगं, सगळं जग फोनवर सामान मागवतं," भिंगरीचे बाबा म्हणाले. "तूच एक, पुड्यांच्या पाठी वाचत उभी. इथे बोट लावायचं, सकाळी सात ते आठमध्ये दारात. तुझी पायपीट वाचेल."

खोटं कशाला बोलू, वाचली. पहिल्या तीन खेपा इतक्या चोख आल्या की मी दवाखान्यात चार जणींना अॅपचं नाव सांगितलं. अंडी न फुटता आली. हिरवा पुडा हिरवाच आला. दुकानदारासमोरून जाताना मी मान खाली घालायला लागले, एवढाच काय तो त्रास.

चौथी खेप मंगळवारी आली.

सातला मी देवासमोरून उठले. भिंगरीची वेणी माझ्याकडे, डबा तिच्या बाबांकडे, ही आमची वाटणी. त्यांनी पिशवी ओट्यावर उपडी केली, हिरवा पुडा फोडला, चार बिस्किटं डब्यात टाकली. मी पाहिलं. दुरून, तोंडात रबरबँड धरून. हिरवा रंग दिसला आणि मी पुन्हा वेणीकडे वळले. चार वर्षांत पहिल्यांदा मी पाठ वाचली नाही, कारण पुडा मी स्वतः मागवलेला होता.

अकराला शाळेतून फोन आला.

शाळेतल्या नर्सबाईंनी मांडीत इंजेक्शन दिलं होतं. ते पेनसारखं इंजेक्शन मी दर वर्षी शाळेत नवीन नेऊन ठेवते, आणि दर वर्षी कचेरीतली बाई विचारते, "एवढं लागतं का हो?" इस्पितळात पोचले तेव्हा भिंगरीचे ओठ परक्या मुलीचे वाटत होते. नळीतून ऑक्सिजन चालू होता. तिने मास्क जरासा उचलला आणि विचारलं, "आई, माझं तोंड मोठं झालंय का?"

"थोडंसं."

"मग मोठ्याने बोलता येईल का?"

मी हसले. मग बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आले.

भिंगरीचे बाबा घरी जाऊन पुडा घेऊन आले होते. तोच हिरवा रंग, तीच कंपनी, पुढच्या बाजूला कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी तपकिरी पट्टी: 'आता अक्रोडासह'. त्यांनी माझ्याच फोनवर अॅप उघडलं होतं.

"अगं, इथे लिहिलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मूळ वस्तू शिल्लक नाही. बदली वस्तू दिली. ग्राहकाने बदल मंजूर केला. सहा वाजून बेचाळीस मिनिटं."

"सहा बेचाळीसला मी बोलत नाही."

"मला माहीत आहे. पण इथे 'मंजूर' आहे."

"मी नाही केलं."

"त्यांनी फोन केला असेल. तू उचलला नाहीस."

"वाजला होता?"

त्यांनी पुडा खाली ठेवला. मग म्हणाले, "दोनदा. खणातले चमचे थरथरत होते. मला वाटलं, तुझा फोन, आणि तू बसलेली. मी कशाला मध्ये पडू?"

मी आवाज चढवत नाही. तिथेही चढवला नाही. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गंमत अशी की त्यातली पहिली ठिणगी त्यांच्यावर पडलीच नाही. ती पडली त्या शब्दावर. मंजूर. माझ्या मुलीच्या घशात अक्रोड जायला मी सहा बेचाळीसला होकार दिला, असं कुठेतरी माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं. त्या वेळी मी देवाकडे तिचंच आयुष्य मागत बसले होते.

भिंगरी संध्याकाळी घरी आली. ओठ उतरले होते. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बदली नोकरदारांची होते. बिस्किटाची कशी होईल?" आणि वर, "आमच्या वेळी दुकानदार तोंडावर तरी खोटं बोलायचा. चार शिव्या देता यायच्या."

शिव्या मला येत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ग्राहकसेवेला फोन लावला. अठरा मिनिटं संगीत ऐकलं. माझ्या सवयीने मी त्या संगीताची कंपनं मोजत होते. मग एक गोड आवाजाचा माणूस आला.

"मॅडम, झाल्या प्रकाराबद्दल आम्हाला खेद आहे. पुढच्या ऑर्डरवर आपल्याला सवलत मिळेल."

"मला सवलत नको. तो 'मंजूर' शब्द काढा. मी मंजूर केलेलं नाही."

"मॅडम, आमच्या माणसाने दोनदा संपर्क केला. उत्तर न आल्यास संमती गृहीत धरली जाते. नियमावलीत आहे, आपण सुरुवातीला 'मान्य' केलं होतं." आणि मग तो हसला. खरंच हसला, घरातल्यासारखा. "आपल्यात म्हणतातच ना मॅडम, मौन म्हणजे संमती."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे खणात टाकला आणि खण इतक्या जोरात लावला की सासूबाई आतून ओरडल्या, "चमच्यांनी काय घोडं मारलंय?"

अकरा वर्षं! एकेक शब्द जिभेवर अडवून धरला तो याच्यासाठी? मी देवासाठी जो तास राखला, त्यात कुणी परका माणूस येऊन माझ्या नावाने हो म्हणून गेला, आणि वर मलाच म्हण ऐकवतो. चोराच्या उलट्या बोंबा. बोंबासुद्धा नाहीत, सुविचार.

त्या दिवशी दवाखान्यात एक आजोबा तपासणीला आले. मी त्यांना काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि नेहमीचं सांगितलं, "आवाज कितीही बारीक असो, ऐकू आला की बटण दाबा." ते बसले. मी आवाज वाढवत नेला. शेवटच्या पायरीपर्यंत बटण दाबलं गेलं नाही. तेव्हा आम्ही कागदावर एक खूण करतो, खाली तोंड केलेला बाण. त्याचा अर्थ, उत्तर नाही. वीस वर्षं मी तो बाण काढते आहे. ऐकू आलं असावं, असं समजून ऐकू आल्याचा गोल काढला तर माझी नोकरी जाईल, आणि जायलाच हवी.

बाण काढून झाला तसा मी कोट न काढताच जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले. पिशवीच्या चिठ्ठीवर छोट्या अक्षरात पत्ता होता.

ते दुकान नव्हतंच. टायरच्या दुकानामागे पत्र्याचं लांबलचक गोदाम, पाटी नाही, काउंटर नाही, फक्त एक घंटी. आत मांडण्यांच्या गल्ल्या आणि त्यांतून भरभर चालणाऱ्या बायका. मनगटावर यंत्र, हातात टोपली. धावायला बंदी असावी, पण चालायलाही मुभा नसावी, असं ते चालणं होतं.

मॅनेजर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात अर्धं सँडविच.

"ग्राहकांना आत परवानगी नाही."

"माझ्या नावावर एक होकार आहे. तो मी दिलेला नाही. खोडून द्या, मी जाते."

त्याने माझ्या चिठ्ठीवरचा ऑर्डरचा क्रमांक यंत्रात घातला, वाचलं, सँडविच खाली ठेवलं. "मुलगी बरी आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. हे बघा मॅडम, नोंद बदलता येत नाही. आणि कृपा करून आवाज चढवू नका."

"मी आवाज चढवलेला नाही. मला डेसिबल कळतात. तुमचा हा पंखा माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतोय."

मांडणीच्या टोकाला एक बाई थबकली होती. माझ्याच वयाची, उजव्या मनगटाला क्रेप बँडेज, त्याच्यावर यंत्र. ती आमच्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जी अपराधी भीती होती ती मी आरशात पाहिली होती.

"तुम्ही भरली होतीत माझी पिशवी?" मी विचारलं.

मॅनेजर म्हणाला, "तू जा गं कामाला." ती गेली नाही.

"दोनदा वाजवला मी, ताई," ती म्हणाली. "खरंच वाजवला. तुम्ही घेतला नाहीत."

"नाही घेतला. मग हो कसं लिहिलंत?"

ती पुढे आली आणि मनगट माझ्यासमोर धरलं. काचेवर दोन बटणं. हिरवं, 'ग्राहकाने मंजूर केले'. लाल, 'ग्राहकाने नाकारले'.

"तिसरं कुठाय?"

"कुठलं तिसरं?"

"उत्तर नाही, असं."

"तिसरं नाहीच आहे," ती म्हणाली. "पंचवीस सेकंदांत एक दाबावंच लागतं. लाल दाबलं की पिशवी अपुरी धरतात, आणि आठवड्यात चार अपुऱ्या झाल्या की सकाळची पाळी जाते. सकाळची पाळी गेली तर माझ्या मुलाला शाळेतून आणणार कोण?" तिचा आवाज फाटला. "मला काय माहीत आत अक्रोड आहे! हिरव्याला हिरवा दिला. मागून वाचायला वेळ कुठला?"

मी तिच्यावर ओरडायला आले होते. हो, आवाज न चढवता ओरडता येतं, मला येतं. गाडीत बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होते. ती सगळी तिथेच तोंडात राहिली आणि त्यांतला राग मात्र दुप्पट झाला, कारण आता तो काढायला माणूस उरला नव्हता. दोन बटणं उरली होती.

"तिसरं बटण करा," मी मॅनेजरला म्हटलं.

"ते वरच्यांच्या हातात असतं. तुम्ही तक्रार लिहून द्या."

मी उभ्या उभ्या लिहिली. दोन मागण्या. माझ्या नावावरचं 'मंजूर' काढून 'उत्तर नाही' लिहा. यंत्रावर तिसरं बटण द्या. सामान भरणाऱ्या बाईला दोष देऊ नका, असंही लिहिलं, पण ती मागणी धरली नाही. ती माणुसकी आहे, ती मागावी लागू नये.

तिसऱ्या दिवशी ईमेल आली. आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. योग्य ती कार्यवाही झाली आहे. सात दिवसांत आपले उत्तर न आल्यास आपले समाधान झाले असे समजून तक्रार बंद करण्यात येईल.

ती मी तीनदा वाचली. मग भिंगरीच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, "अगं, हे लोक सुधारणारच नाहीत. सोड आता. तू बघ, आपण अॅप काढून टाकू."

"अॅप काढलं तर नोंद तशीच राहील."

"राहू दे. कोण बघतंय?"

"अहो," मी म्हटलं, "मी बघतेय."

सासूबाई कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गोगलगाय आणि पोटात पाय. आत्ता दिसले."

त्या लोकांची एकच चूक झाली. रोज एक गोष्ट न चुकता करणारी बाई काय असते, हे त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सात वाजता, मौन सुटलं की पहिलं काम म्हणून मी एक ओळ पाठवायला लागले. समाधान झालेले नाही. खाली तारीख. सात दिवसांची मुदत होती, मी रोज पाठवली. रविवारी पाठवली. ताप आला त्या दिवशी पाठवली. त्यांच्याकडून आपोआप येणारं उत्तर आलं की त्यालाही तेच उत्तर. भिंगरीला आता ते पाठ झालं होतं, भाजी नको असली की ताट सरकवून म्हणायची, "समाधान झालेले नाही."

दवाखान्यातही बोलले. डॉक्टरांना म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत हरकत आहे का. आहे." ते म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललात?" मी म्हटलं, "तेव्हा चुकलं." आता आठवड्यातले तीन दिवस मी सहाला सुटते, आणि दुकानदार मला बघून हात हलवतो. पहिल्या दिवशी त्याने एवढंच विचारलं, "परगावी होतात का?"

एकतिसाव्या दिवशी सकाळी खणातले चमचे वाजायला लागले.

मी देवासमोर होते. समोरच्या घड्याळात सहा अडतीस. मला न बघता कळलं. या वेळी मला फोन करणारं जगात दुसरं कुणी नाही. आणि पुढचंही कळलं. हा दोनदा वाजेल. मग कुठेतरी कुणीतरी हिरवं बटण दाबेल, संपर्क केला, उत्तर नाही, तक्रार बंद.

पहिल्यांदा वाजून थांबला. भिंगरीचे बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले होते, एका हातात डबा, दुसऱ्यात पुडा, पालथा धरलेला. आजकाल तेही पाठ आधी वाचतात. ते माझ्याकडे बघत होते. खणाकडे त्यांचा हात गेला नाही, पण या वेळी त्यांनी विचारलं, "देऊ का?"

दुसऱ्यांदा वाजायला लागला.

मी उठले, खण उघडला आणि फोन कानाला लावला.

"बोला," मी म्हटलं. माझा त्या वेळेचा आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. घोगरा निघाला.

कुणी बाई होती, वरच्या कचेरीतली. "मॅडम, आपल्यासाठी आनंदाची बातमी आहे. आम्ही अपवाद म्हणून आपल्या नोंदीत 'उत्तर नाही' असा बदल करायला तयार आहोत. तर आता तक्रार बंद करू ना?"

"आधी बदला. मग मला दाखवा. मग विचारा."

टकटक ऐकू आली. मी अॅप उघडलं. 'मंजूर' गेलं होतं. त्या जागी दोन शब्द. सहा बेचाळीस. उत्तर नाही.

मी ते दोनदा वाचलं.

"दिसलं मॅडम? मग बंद?"

"तिसरं बटण?"

"ते... ते तांत्रिक विभागाचं आहे. त्याला वेळ लागेल. आपलं काम तर झालंय ना?"

"माझं झालं. माझ्यानंतर जिचा फोन खणात असेल तिचं नाही झालं."

ती काही बोलली नाही. मी तिला बोलायला पुरेसा वेळ दिला. पंचवीस सेकंदांपेक्षा जास्त.

"तुम्ही गप्प आहात," मी म्हटलं. "मी याला हो समजू का? नाही ना? मग लिहून घ्या. समाधान झालेले नाही. आजची तारीख घाला. उद्या सातला पुन्हा पाठवीन."

फोन खणात ठेवला. खण हळू लावला. भिंगरीच्या बाबांनी पुडा माझ्यासमोर धरला, मागची बाजू वर. मी वाचली. मान हलवली. त्यांनी चार बिस्किटं मोजून डब्यात ठेवली.

घड्याळात सहा सेहेचाळीस झाले होते. व्रत मोडलं होतं, त्याला दुसरा शब्द नाही. मी कोपऱ्यात परत जाऊन बसले आणि उरलेली चौदा मिनिटं गप्प राहिले. मनात देवाला विचारलं, चाललं ना?

उत्तर आलं नाही. त्याला मी होकार धरलेला नाही. उद्या पुन्हा विचारीन.